पावसाळा सरून शरद येताना: इंदूरच्या घरात हा बदल अनुभवण्याची रीत

श्रावणात इंदूरच्या घरात जाड पंचा वाळायला दीड दिवस लागतो आणि वाळल्यावरही त्याचा कुबट वास जात नाही. भाद्रपदाच्या उत्तरार्धात मात्र एक दिवस असा उजाडतो, की सकाळी गच्चीवर टाकलेला तोच पंचा जेवणाच्या आधी कडक होऊन हातात येतो. ऋतू बदलू लागल्याची माझ्या घरातील पहिली खूण ही आहे. तिच्यासाठी पंचांग पाहावे लागत नाही. पाऊस त्यानंतरही येतो, हस्ताच्या सरी कधी कधी नवरात्राचे मांडवही भिजवतात, परंतु हवेतील पाणी कमी होऊ लागल्याची बातमी त्या पंचाने आधीच दिलेली असते.

अनंत चतुर्दशीच्या रात्री कापड गिरण्यांच्या झाँक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, राजवाड्याकडे निघतात (गिरण्या कधीच बंद पडल्या, झाँक्या मात्र चालू आहेत). तेथपासून वसुबारसेपर्यंत सुमारे सहा आठवडे मिळतात. बहुतेक घरांत हे आठवडे दिवाळीच्या साफसफाईत आणि खरेदीत गिळले जातात. माझ्या मते माळव्यातील सर्वांत सुंदर काळ हाच आहे, आणि त्याचे खरे नाव आपल्या भाषेत आधीपासूनच आहे: निवळणे. आभाळ निवळते, ओढ्याचे गढूळ पाणी निवळते, भिंती निवळतात आणि पोटही निवळते. निवळण्याच्या या क्रियेला घाई चालत नाही, म्हणून पुढे सांगितलेली कामे एका रविवारी उरकू नयेत. ज्या आठवड्याचे जे काम आहे, ते त्या आठवड्यातच करावे.

आधी उजेड पाहावा

पहिले काम खडूचे आहे. घरात दक्षिणेकडे उघडणारी एक खिडकी निवडावी आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास ऊन फरशीवर कोठपर्यंत आले आहे ते पाहून तेथे रेघ मारावी. इंदूरमध्ये त्या दिवसांत मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ७५ अंश उंच असतो, त्यामुळे खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असेल तर ऊन आत येतच नाही आणि पहिली रेघ खिडकीच्या तळाशीच पडते. ऑक्टोबरच्या अखेरीस हाच सूर्य ५३ अंशांपर्यंत उतरतो. खिडकी जमिनीपर्यंत असेल आणि तिची चौकट सात फूट उंच असेल, तर त्याच छज्जाखालून ऊन तीन फुटांपेक्षा जास्त आत येऊन बसते. दर रविवारी एक रेघ आणि तिच्याजवळ तारीख, एवढेच करावे. मात्र रेघ मारण्याची वेळ थोडी मागे आणावी लागते, कारण मध्यान्ह सप्टेंबरच्या आरंभी १२ वाजून २७ मिनिटांच्या आसपास होते आणि ऑक्टोबरअखेर ती १२ वाजून १० मिनिटांवर येते. घरात लहान मुले असतील तर हे काम त्यांच्याकडेच सोपवावे. सूर्य दक्षिणेकडे सरकतो हे वाक्य पाठ करणे वेगळे, आणि आपल्याच फरशीवर ऊन सहा आठवड्यांत हातभर आत आलेले पाहणे वेगळे.

संध्याकाळचा बदल त्याहून ठळक असतो. १ सप्टेंबरला इंदूरमध्ये सूर्य सुमारे पावणेसात वाजता मावळतो, १५ ऑक्टोबरला ६ वाजून २ मिनिटांनी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी ६ वाजायला १० मिनिटे असताना. दोन महिन्यांत संध्याकाळ जवळजवळ एका तासाने अलीकडे येते. आपण मात्र दिव्याची वेळ घड्याळाला बांधून ठेवतो आणि म्हणून हा बदल आपल्या लक्षातच येत नाही. या सहा आठवड्यांत तरी तुळशीपुढचा दिवा सूर्यास्तालाच लावावा आणि तो लागेपर्यंत घरातला विजेचा दिवा लावू नये. दहा-पंधरा मिनिटांचा तो मंद काळ सुरुवातीला अडचणीचा वाटतो, परंतु आठवड्याभरात घरातली माणसे त्या वेळी आपोआप गच्चीकडे किंवा ओसरीकडे येऊ लागतात.

शेवंतीची कुंडी असेल तर तीही या उजेडाचीच गोष्ट सांगते. शेवंती रात्र लांबू लागल्यावर कळ्या धरणारी आहे. तिचे शेंडे ऑगस्टअखेरपर्यंत खुडावेत, त्यानंतर खुडू नयेत, आणि रात्रभर ट्यूबलाइट जळत राहणाऱ्या कोपऱ्यात तिची कुंडी ठेवू नये. उजेडाने तिची रात्र तुटते आणि कळ्या धरणे लांबणीवर पडते.

ओल जाऊ द्यावी

या भागात मी थोडा वेळ थांबणार आहे, कारण यातच सर्वाधिक चुका होतात आणि त्यांपैकी एक मी स्वतः केली आहे. आमच्या घराची पश्चिमेकडची भिंत दर पावसाळ्यात ओल धरते. एका वर्षी नवरात्राच्या आधीच रंगारी मिळाला, या आनंदात मी ती रंगवून घेतली. दिवाळीत ती देखणी दिसली आणि संक्रांतीपर्यंत तिच्यावर फुगे येऊन रंगाचे पापुद्रे सुटले. आत अडकलेल्या पाण्याला बाहेर पडायला मी वाटच ठेवली नव्हती. तेव्हापासून मी एक साधी परीक्षा घेतो. पारदर्शक प्लॅस्टिकचा हातभर चौकोनी तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट बसवावा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाहावा. आतल्या बाजूला दव धरले असेल किंवा खालची भिंत गडद दिसत असेल, तर ओल अजून निघते आहे असे समजावे आणि आठवड्याने पुन्हा पाहावे. सलग दोन वेळा तुकडा कोरडा राहिला, तरच रंगाचा विचार करावा. भिंत दिवाळीपर्यंत वाळली नाही, तर त्या वर्षी तिच्यावर चुन्याचा हात मारून थांबणे बरे, कारण चुन्यातून ओल बाहेर पडू शकते. तोपर्यंत कपाटे आणि पलंग भिंतीपासून चार बोटे पुढे ओढून ठेवावेत. एवढ्यानेही निम्मा कुबट वास जातो.

धान्याला ऊन पितृपक्षानंतर दाखवावे, त्याआधी नव्हे, कारण आधीच्या दिवसांत दुपारी अवचित येणारी सर सगळे काम वाया घालवते. उन्हाळ्यात भरून ठेवलेला गहू, डाळी, रवा हे सारे सुती चादरीवर पातळ पसरावे, सकाळी दहा ते दुपारी तीन असे दोन दिवस ऊन द्यावे आणि डब्यात भरण्याआधी रात्रभर सावलीत थंड होऊ द्यावे. गरम धान्य डब्यात बंद केले तर झाकणाला आतून पाणी सुटते आणि सोंडकिड्यांचे फावते. ही चूक घाईत असलेली जाणती माणसेही करतात.

कुलरकडे मात्र वाट न पाहता ताबडतोब वळावे. आपल्याकडे जूनमध्ये कुलर बंद होतो आणि त्याच्या टाकीत उरलेल्या पाण्यात पावसाचे पाणी मिसळत राहते. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची अंड्यापासून पंख फुटेपर्यंतची वाढ साधारण आठ-दहा दिवसांत होते आणि त्याची अंडी टाकीच्या कोरड्या कडेला चिकटून महिनोन्महिने तग धरतात. त्यामुळे टाकी नुसती रिकामी करून भागत नाही. तिच्या कडा खरखरीत घासणीने घासून, उन्हात वाळवून, मगच कुलर झाकावा. ऑक्टोबरच्या उकाड्यात तो पुन्हा लावण्याचा मोह होतो. माझा सल्ला असा, की त्याऐवजी खिडक्यांची शिस्त पाळावी. या महिन्यात इंदूरचा दुपारचा पारा ३२-३३ अंशांवर असतो आणि पहाटे तो १७-१८ अंशांच्या जवळ उतरतो. सूर्यास्तापासून सकाळी नऊपर्यंत सगळ्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि नंतर दक्षिणेकडचे व पश्चिमेकडचे पडदे ओढून घ्यावेत. रात्रीचा गारवा भिंतींत साठतो आणि दुपार सुसह्य होते. काळ्या मातीचे माळव्याचे पठार रात्री चटकन निवते, आणि ‘शब-ए-मालवा’, म्हणजे माळव्याची रात्र, ही ख्याती त्या गारव्यावरच उभी आहे.

फुलांच्या पंधरवड्यात

पितृपक्षात आपल्याकडे शुभकार्ये थांबतात आणि म्हणून हा पंधरवडा सुना मानला जातो. परंतु माळव्यात याच दिवसांत मुली संजा मांडतात. भाद्रपदी पौर्णिमेपासून सर्वपित्री अमावास्येपर्यंत रोज संध्याकाळी भिंतीवर शेणाने नवी आकृती काढायची, ती फुलांच्या पाकळ्यांनी सजवायची, गाणी म्हणायची, आरती करायची. कधी चंद्र-सूर्य, कधी पंखा, कधी चौपट, आणि शेवटी किलाकोट, म्हणजे किल्ल्याची मोठी आकृती. इंदूरच्या मराठी वाड्यांतील मुली आधी शेजारणींबरोबर संजा मांडत आणि घट बसले की आपल्या घरी पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरून भोंडला म्हणत. एकाच महिन्यात दोन्ही अंगणांतील गाणी ज्यांच्या तोंडी होती, अशा आजी-मावश्या अजूनही अनेक घरांत आहेत. त्यांना विचारून गाणी उतरवून घ्यावीत. ते काम पुढच्या वर्षावर टाकू नये.

फ्लॅटमधील रंगवलेल्या भिंतीवर शेण लावणे जमत नसेल, तर पाटाच्या आकाराची लाकडी फळी किंवा जाड पुठ्ठा घ्यावा. बाजारात छापील कागदी संजा मिळते, पण ती मी सुचवणार नाही, कारण तिच्यात फुले शोधण्याचे काम उरत नाही आणि या खेळाचा सगळा जीव त्या शोधण्यात आहे. नियम असा ठेवावा, की फुले विकत आणायची नाहीत. आपल्या आवारात, गल्लीत, शेजाऱ्याच्या परवानगीने त्याच्या कुंपणाशी जी मिळतील तीच वापरायची. पहिल्या दिवसांत तेरडा भरपूर असतो. पंधरा दिवसांत तो विरळ होतो आणि त्याच्या जागी झेंडूचा केशरी रंग येऊ लागतो. गुलबक्षी संध्याकाळी उमलते, म्हणून ती आयत्या वेळी खुडावी. पारिजातक रात्री फुलून पहाटे गळतो, म्हणून त्याच्या झाडाखाली रात्री झोपण्याआधी स्वच्छ पंचा अंथरून ठेवावा आणि सकाळी गोळा केलेली फुले ओलसर फडक्यात गुंडाळून संध्याकाळपर्यंत सावलीत ठेवावीत. ती थोडी मलूल होतात, पण देठांचा शेंदरी रंग टिकतो, आणि आकृतीच्या कडेला तोच शोभतो. रोजच्या आकृतीचे एक छायाचित्र काढून ठेवावे. सोळा छायाचित्रे ओळीने पाहिली की आपल्या गल्लीतील ऋतू कसा पालटला हे फुलांनीच लिहून ठेवलेले दिसते.

स्वयंपाकघर

भुट्ट्याचा निरोप घेतल्याशिवाय शरद घरात येत नाही. पावसाळाभर कोळशावर भाजलेला भुट्टा खाल्लेला असतो. भाद्रपद संपताना त्याचे दाणे पिठूळ होऊ लागतात, कारण त्यांतली साखर पिष्टात बदलत जाते. परीक्षा नखाची आहे: दाण्यात नख रुतवल्यावर पातळ दूध उडाले तर भुट्टा भाजण्याजोगा, दाट दूध आले तर किसण्याजोगा, आणि पीठ लागले तर तो दळण्याचा झाला. हंगामाचा शेवटचा कीस दाट दुधाच्या भुट्ट्यांचा करावा. सहा भुट्टे किसणीवर हलक्या हाताने किसावेत, म्हणजे कणसाचा कडक गाभा त्यात उतरत नाही. जाड बुडाच्या कढईत तीन मोठे चमचे तूप घ्यावे, त्यात मोहरी, जिरे, हिंग, तीन हिरव्या मिरच्या आणि किसलेले आले घालावे, मग कीस टाकून मंद आचेवर पंधरा मिनिटे सतत परतावा. कच्चा वास जाऊन तूप कडेने दिसू लागले की एक वाटी गरम दूध थोडे थोडे करून घालावे आणि झाकण ठेवून आणखी दहा मिनिटे शिजवावे. कोवळ्या भुट्ट्याला एवढे दूध पुरते, शेवटच्या भुट्ट्याला दीड वाटी लागते. मीठ आणि चिमूटभर साखर शेवटी घालावी, लिंबू ताटात पिळावे, कारण कढईत पिळले तर दूध फाटते. वर ओले खोबरे आणि कोथिंबीर. सराफ्यातला, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातला, कीस उत्तम असतो, पण हा निरोपाचा कीस घरीच व्हावा असे मला वाटते.

त्यानंतर ताट बदलावे. आयुर्वेदाचे म्हणणे असे, की पावसाळ्यात साचलेले पित्त शरदाच्या कडक उन्हाने खवळते, म्हणून या ऋतूत गोड, कडू आणि तुरट रसांचे हलके अन्न खावे. जुना तांदूळ, मूग, पडवळ, आवळा, मध आणि साजूक तूप घ्यावे, आणि दही, तेलकट, खारट पदार्थ, दुपारची झोप व भर उन्हात फिरणे टाळावे. सकाळी पोहे-जलेबी आणि वर मूठभर शेव हा आपला नेम असताना हे कठीण आहे, याची मला कल्पना आहे. तरी आठवड्यातून चार दिवस दुपारी मुगाचे वरण, भात, तूप आणि पडवळाची किंवा कारल्याची भाजी एवढे साधे जेवण ठेवावे. श्राद्धाच्या जेवणातील कढी, वडे आणि खीर यांचा भार त्यामुळे हलका होतो.

फळांकडे पाहिले तर हा बदल दर आठवड्याला दिसतो. आधी तळ्यांतले हिरवे शिंगाडे हातगाड्यांवर येतात. ते घरी आणून पाण्यात नीट धुऊन, मीठ घालून उकडावेत. मग सीताफळे येतात. सीताफळ घेताना डोळ्यांमधल्या रेघा पिवळसर-पांढऱ्या होऊन रुंदावलेल्या आहेत का ते पाहावे. हिरव्या बंद रेघांचे फळ तांदळाच्या डब्यात ठेवले तरी पिकत नाही, काळे पडते. योग्य फळ दोन-तीन दिवस टोपलीत कागदावर ठेवावे, पिकण्याआधी फ्रीजमध्ये ठेवू नये. जाम, म्हणजे पुण्या-मुंबईकडचे पेरू, त्यांच्या मागोमाग येतात, पण त्यांची खरी गोडी थंडी पडल्यावरची.

रात्री गच्चीवर

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सहाव्या अध्यायात ऋतुचर्या सांगितली आहे आणि तिच्यात शरदातील पाण्याला हंसोदक असे सुंदर नाव दिले आहे: दिवसा सूर्याने तापलेले, रात्री चंद्राने निवलेले आणि अगस्त्याच्या उदयाने निर्विष झालेले पाणी. पिण्याचे पाणी आजही गाळून आणि उकळूनच घ्यावे, हे वेगळे सांगायला नको. परंतु तो अगस्त्य मात्र प्रत्यक्ष पाहावा. रात्रीच्या आकाशातील ताऱ्यांत तेजस्वितेने व्याधानंतर त्याचाच क्रम लागतो, आणि इंदूरहून तो दिसतो. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पहाटे पाच वाजता दक्षिण क्षितिज मोकळे असलेल्या गच्चीवर जावे. आधी वर निळसर-पांढरा झगझगीत व्याध शोधावा. त्याच्या खाली, दक्षिणेपासून किंचित पूर्वेला, हात लांब करून धरलेल्या मुठीपेक्षा थोडा वर जो एकटा तेजस्वी तारा दिसतो, तो अगस्त्य. पावसाळ्यानंतर आभाळ धुतलेले असते, म्हणून एवढ्या खाली असूनही तो ठळक दिसतो. सोयाबीनच्या कापणीची धूळ आणि दिवाळीचा धूर हवेत चढण्याआधी हे पाहून घ्यावे.

कोजागिरीला फार मांडामांड करू नये. एक लिटर दूध आटवून पाऊण लिटर करावे, त्यात साखर, केशर, वेलदोडा, जायफळ, बदामाचे काप आणि चारोळी घालावी. दूध संध्याकाळपासून गच्चीवर कोमट ठेवले तर नासण्याची भीती असते, म्हणून ते चुलीवर गरम ठेवून अकराच्या पुढे रुंद पातेल्यात वर न्यावे आणि पातळ मलमलने झाकावे. आश्विनी पौर्णिमेचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास इंदुरात जवळजवळ डोक्यावर येतो, तेव्हा त्याचे बिंब पातेल्यात सरळ पडते. त्या वेळी गच्चीवरचे दिवे बंद असावेत आणि शेजाऱ्यांनाही तशी विनंती करावी. आमच्या इमारतीत हे पहिल्या वर्षी दोन घरांनी ऐकले. आता सगळी घरे ऐकतात, आणि त्या अर्ध्या तासात माणसे आपोआप हळू बोलतात.

कोजागिरीनंतरच्या आठवड्यात गोधड्या आणि रजया काढाव्यात. सुती गोधडीला दोन्ही बाजूंनी दोन-दोन तास थेट ऊन द्यावे, लोकरीला सकाळचे कोवळे, आणि रेशमी साड्यांना फक्त सावलीतला वारा. घडी मोडून नवी घालावी, म्हणजे जुन्या घडीवर कापड विरत नाही. त्या दिवसापासून एक हलकी गोधडी पलंगाच्या पायथ्याशी घडी घालून ठेवावी, अंगावर मात्र घेऊ नये. साधारण वसुबारसेच्या आसपास एखाद्या पहाटे चारच्या सुमारास घरातले कोणीतरी झोपेतच पायाने ती वर ओढून घेते. सकाळी ती ज्याच्या अंगावर सापडेल, त्याने त्या दिवशी बाजारातून या वर्षीचा पहिला गराडू, म्हणजे तळून खायचा तो कंद, आणावा.